समुद्रतळाच्या तिरक्या रेघा

प्रयोगशाळेत नणंद-भावजय समोरासमोर बसायच्या. धाकट्या भावासाठी ही मुलगी नणंदेनेच हेरली होती, आणि आता तीच तिच्या डोक्यावर मिरे वाटत होती. भांडणही घरगुती नाही, थेट समुद्रतळाचं! तळाखाली गुरुत्वाकर्षण कुठे किंचित जास्त, कुठे किंचित कमी. नकाशावर त्याच्या लांबलचक रेघा उमटायच्या. नणंद म्हणे, "खाली तापलेला खडक घुसळला जातोय. वरचा भूपट्ट आज जिकडे सरकतोय, रेघाही तिकडेच जाणार." भावजय म्हणे, "छे! त्या जुन्या भेगा आहेत. भूपट्टाने नंतर वाट बदलली, म्हणून रेघा तिरक्या दिसतील."

रोजच्या कटकटीला विटून साहेबांनी तोडगा काढला. त्या रेघांच्या समुद्रात जाणाऱ्या संशोधन-जहाजावर एकच जागा होती. उपग्रहाचा नवा नकाशा जिचं खरं ठरवेल, ती जाणार. आयुष्यभर नणंदेने समुद्र कागदावरच मोजला होता आणि यंदा निवृत्ती होती. ही संधी हुकली की संपलंच.

नकाशा आला तेव्हा भावजय जेवायला गेली होती. नणंदेने त्यावर भूपट्टाच्या दिशेचा बाण काढला. रेघा चक्क तिरक्या! तिने चष्मा पुसला, नकाशा उलटा धरून पाहिला. रेघा काही सरळ होईनात. फार वाईट वाटलं तिला. संध्याकाळपर्यंत गप्प बसावं, असंही मनात आलं. मग स्वतःवरच चिडून तिने भावजयीला ताटावरून उठवलं, साहेबांसमोर उभं केलं आणि सांगून टाकलं, "हिचं खरं. हिलाच पाठवा."

भावजय आनंदाने किंचाळलीच. मग थबकली. "पण साहेब, जहाज जातंय कशाला?"

"तुमचं म्हणणं तिथे तपासून बघायला."

"मग मी जाऊन काय उपयोग? मला माझंच खरं वाटणार. माझ्या चुका काढायला वन्संइतकं तरबेज आहे का कुणी? लग्नापासूनचा सराव आहे त्यांना!"

साहेब खो खो हसले. नणंदेचे डोळे भरून आले, पण तोरा तोच. "एक तरी भेग खोटी ठरवल्याशिवाय परत यायची नाही मी, सांगून ठेवते!"

"ठरवा की. पण गोळ्या न्या बरोबर, तुम्हाला बोट लागेल."

या एका बाबतीत मात्र नणंदेने वाद घातला नाही.