गुडगुड

पृथ्वीच्या पोटात काय चाललंय हे शोधण्याची जबाबदारी विज्ञानाने अखेर आळंद तालुक्यातल्या एका गावावर टाकली होती. गाव त्या वेळी चावडीच्या ओट्यावर तंबाखू मळत बसलं होतं.

कोयनेच्या भूकंपाला दोन-तीन वर्षं झाली होती. म्हैसूर राज्यात कुठे किती धोका आहे, याचा नकाशा करायला बंगळूरचे साहेब आले होते. ते कानडीत बोलत. गावाला कानडी मराठीइतकंच येई. फक्त अडचणीच्या वेळी येत नसे.

"यंत्रं इथून फार लांब आहेत," साहेब म्हणाले. "बारीक धक्के त्यांना कळत नाहीत. या काळ्या दगडाखाली काय आहे, तेही कुणी पाहिलेलं नाही. म्हणून तुम्हालाच विचारायचं. भांडी पडली? भिंती तडकल्या? जनावरं बुजली?"

अच्युतराव मास्तरांनी ओट्याकडे अभिमानाने पाहिलं. साहेबांना इथवर आणायला त्यांनी तालुक्याचे उंबरे झिजवले होते. शाळेची नवी इमारत मंजूर झाली होती : दगड-मातीच्या भिंती, वर मातीचं जड माळवद. नकाशात गावाला धोक्याचा रंग मिळाला असता, तर भिंतींत सिमेंटचे पट्टे घालावे लागले असते आणि वर हलकं छप्पर. उन्हाळ्यात जमिनीखालून गुडगुड झाली, तेव्हा पोरांना वर्गाबाहेर ढकलताना मास्तरांनी एवढंच मनाशी धरलं होतं. गावही तेव्हा आठवडाभर अंगणात झोपलं होतं.

"सांग तिप्पण्णा," मास्तर म्हणाले. तिप्पण्णा गावचा पुढारी. "भुईखाली रेडा चालल्यावाणी गुडगुड झाली, असं तूच म्हणालास ना?"

"व्हय की." तिप्पण्णा साहेबांकडे वळला. "गुडुगु म्हणायलेत मास्तर. पाऊस आला की होतंय बगा."

कानडीत गुडुगु म्हणजे ढगांचा गडगडाट. साहेबांनी तसं टिपून घेतलं.

"अरे, ढगातला नव्हे, भुईतला! पिराजी, तुझी बैलं दावं तोडून पळाली की नाही?"

"बैलं हैत, पळतेतच की," पिराजी म्हणाला. "जागंवर बसायला ती काय सरकारी हैत?"

मास्तरांनी तिप्पण्णाला बाजूला ओढलं. "कामून खोटं बोलायलास?"

"मास्तर, तुमाला शाळा दिसायली, मला लगीनसराई. भुई हलती म्हणून कागदावर चढलं, तर या गावात लेक कोण देईल? आपल्या लेकी कोण करील? तुमच्या हेमावतीला उमरग्याचे पाव्हणे बगून गेलेत न्हवं?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"संबंधच तर म्हणायलोय. जमायला आलेला संबंध."

मास्तर साहेबांना तडक घरी घेऊन आले. गाव उलटलं याचं त्यांना फार वाटलं नाही. गाव म्हणजे गाव. पण गुडगुड झाली त्या दुपारी घरी बायकोची, नलिनीबाईंची, उतरंड कोसळली होती आणि मास्तर शाळेतून धावत येताच लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांनी भर गल्लीत नवऱ्याचा हात धरला होता.

स्वयंपाकघरात भिंतीला त्या दिवशी जिथे तडा गेला होता, तिथे आज ओला चुना होता.

"बाई, उतरंड पडली होती म्हणे?" साहेबांनी विचारलं.

"पडली होती," नलिनीबाई म्हणाल्या. मास्तरांच्या जिवात जीव आला.

"मांजरानं पाडली."

त्या घरात मांजर कधीच नव्हतं. मास्तर बायकोकडे बघत राहिले. ती साहेबांच्या पेल्यात ताक ओतत होती. धार जराही हलली नाही.

"अगं, तू माझा हात धरला होतास," मास्तर हळूच म्हणाले.

"चारचौघांत हात धरायला मी काय सिनेमातली हाय? घ्या साहेब, मीठ कमी असंल."

जीपमध्ये बसताना साहेबांनी मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. शिकलेल्या माणसांना कोयनेनंतर असे भास फार होतात म्हणाले.

नकाशात गावाला सर्वांत सुरक्षित रंग मिळाला. शाळा माळवदाचीच झाली. निवृत्त होईपर्यंत मास्तरांनी तिच्यात भूगोल शिकवला.

उमरग्याचा निरोप मात्र साहेब गेले त्याच आठवड्यात आला होता. पत्रिका जुळत नव्हत्या, मुलामुलीची एकनाड निघाली होती.