डाग कशाचा

आमच्या लाँड्रीत कपडा देताना एक चिठ्ठी भरावी लागते. गिऱ्हाइकाचं नाव, किती नग आणि तिसरा रकाना: डाग कशाचा. हा रकाना आईने सुरू केला. तिचं म्हणणं, डागाला नाव विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. शाईला जे चालतं ते तेलाला चालत नाही आणि रक्ताला तर गरम पाणी दाखवायचंसुद्धा नाही. गरम पाण्यात रक्त कापडातच शिजतं आणि मग ते कापडाचंच होऊन बसतं. आई गेली, रकाना राहिला.

माणसं त्या रकान्यात जेवढं खोटं लिहितात तेवढं लग्न जमवतानाही बोलत नसतील. एका गृहस्थांनी कॉलरवरच्या लिपस्टिकपुढे 'टोमॅटो' लिहिलं होतं. एका बाईंनी गादीच्या खोळीवरच्या डागापुढे 'आधीचे भाडेकरू' लिहिलं. एकाने नुसतंच 'माहीत नाही, पण मी नाही'. माझी ताई चिठ्ठी वाचायचीच नाही. कपडा उजेडात धरायची, नाकाशी न्यायची आणि समोरच्याकडे न बघता म्हणायची, "खरं सांगा. मी कुणाला सांगत नाही. डाग जायला हवाय ना?" मग माणसं सांगायची. टोमॅटोवाले गृहस्थ तर खुर्ची मागून घेऊन तासभर सांगत बसले.

चिठ्ठीच्या तळाशी शेरा असतो. तिथे ताईच्या अक्षरात एकच शब्द असायचा: गेला. दुसरं काही लिहायची तिच्यावर कधी वेळच आली नाही.

मी धाकटा. माझ्याकडे काउंटर, कोठीतला माल आणि बडबड. ताई मला दिवट्या म्हणते. दुकानात उजेड कमी पडला की म्हणते, "जरा हस रे, दिवट्या."

ताई छत्तीस वर्षांची. चार वर्षांपूर्वी तिचं एक मूल चौथ्या महिन्यात गेलं, त्यानंतर पाळी म्हणजे दर महिन्याला घरात पाइप फुटल्यासारखं होऊन बसलं. हे मला फार उशिरा कळलं. तेव्हा मला एवढंच दिसत होतं की ती दुकानाच्या तीन पायऱ्या चढताना दुसरीवर थांबते. मी विचारलं, "काय, हवा खायला थांबलीस?" ती म्हणाली, "देखावा बघतेय." समोर गटाराचं झाकण होतं.

शेवटी भाऊजींनी तिला डॉक्टरांकडे नेलं. भाऊजी बस चालवतात आणि घरातही ड्रायव्हरसारखेच वागतात: बोलणं कमी, नजर समोर, ब्रेक मात्र वेळेवर. मीही सोबत गेलो, कारण भाऊजींना प्रश्न विचारता येत नाहीत आणि मला गप्प बसता येत नाही.

मोठे डॉक्टर म्हणाले, गर्भाशयात पाच गाठी आहेत. एक लिंबाएवढी, दोन पेरूएवढ्या, एक संत्र्याएवढी. पाचवीला त्यांना फळ सुचेना. मी म्हटलं, "मोसंबी?" ते म्हणाले, "हां, मोसंबी." ताईने मला टेबलाखालून लाथ मारली.

"कॅन्सर वगैरे काही नाही," डॉक्टर म्हणाले. "पण पिशवी काढून टाका. कटकट मिटेल."

"गाठी काढा ना," ताई म्हणाली. "पिशवीने काय केलंय?"

"अहो, लग्नाला नऊ वर्षं झाली तुमच्या. आता ठेवून काय तिचं लोणचं घालायचंय?"

भाऊजींनी तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "चला," म्हणाले, आणि उठले.

बाहेर येऊन ताई म्हणाली, "ह्या माणसाच्या शर्टावर वरण सांडलं तर शर्ट जाळून टाकत असेल." आणि मग दवाखान्याच्या भिंतीला टेकून रडली. भाऊजी तिच्या आणि रस्त्याच्या मधे उभे राहिले, कुणाला दिसू नये म्हणून. बसएवढे रुंद नव्हते, पण प्रयत्न चांगला होता.

"मला मूलबीळ नको," भाऊजी म्हणाले. "तू हवीस."

"मला दोन्ही हवंय," ताई म्हणाली. "नाही झालं तर नाही झालं. पण दार मी माझ्या हाताने लावणार नाही."

दुसऱ्या डॉक्टरीणबाई आम्हाला सायकलच्या दुकानावर, माडीवर सापडल्या. खालून घंट्या वाजायच्या आणि प्रत्येक घंटीला त्या "या" म्हणायच्या. त्यांनी फळांची नावं घेतली नाहीत. प्रिस्क्रिप्शनच्या पाठीवर गर्भाशय काढलं, ते चिंचोक्यासारखं दिसत होतं, आणि त्यात पाच गोळे काढले. मग एकेक रस्ता सांगितला. गाठ त्रास देत नसेल तर नुसतं लक्ष ठेवायचं. तुमची देते, म्हणून हा रस्ता नाही. मांडीतल्या नसेतून बारीक नळी घालून गाठींचं रक्त तोडता येतं, मग त्या सुकतात. पण तुम्हाला मूल हवंय, तर तो माझा पहिला सल्ला नाही. औषधाने पाळी काही महिने थांबवायची, गाठी लहान होऊ द्यायच्या, अंगात रक्त भरू द्यायचं आणि मग पोट उघडून फक्त गाठी काढायच्या, पिशवी शिवून परत जागेवर. "हा लांबचा रस्ता आहे," त्या म्हणाल्या, "पण आहे."

ताईने तो कागद मागून घेतला. पुढे तो इस्त्रीच्या टेबलासमोर भिंतीला चिकटवलेला असायचा. गिऱ्हाइकं विचारायची, हे काय? मी सांगायचो, नकाशा.

ताईचं हिमोग्लोबिन सात होतं. डॉक्टरीणबाईंनी लोहाचं औषध दिलं, पाळी थांबवायचं इंजेक्शन दिलं आणि ऑपरेशनला तीन महिन्यांनंतरची तारीख ठरवली. आणि बजावलं, "इंजेक्शननंतर पहिले दोन आठवडे उलट जास्त जाऊ शकतं. मग कमी होईल. रोज किती पॅड लागले ते लिहून ठेवायचं. कमी झालं नाही, तर त्याच दिवशी मला सांगायचं. आपल्याकडे दुसरे उपाय आहेत. पण मला आकडा खरा हवा."

ताईला वही लिहायची लाज वाटेना, पण कंटाळा येई. म्हणून ते काम मी घेतलं. गिऱ्हाइकांसमोर बोलायचं म्हणून आम्ही लाँड्रीचीच भाषा वापरली. ती मागून ओरडायची, "चार नग." मी कोऱ्या चिठ्ठीपुस्तकात लिहायचो, नग चार. कधी विचारायचो, "साधी धुलाई की अर्जंट?" ती म्हणायची, "तुझी जीभ दे, तिला अर्जंट करते."

पहिल्या दिवशी चार. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशीही चार. मग चार, चार, चार. वीस दिवस झाले, आकडा हलेना. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, औषध इमानदार आहे.

त्याच वीस दिवसांत कोठीतलं मीठ संपलं. मीठ आम्ही रक्ताच्या डागाला वापरतो, थंड पाण्यात. एरवी एक पिशवी दोन महिने पुरते. त्या महिन्यात मी चौथी पिशवी आणली. हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटल्याही संपत होत्या. पुस्तकात रक्ताच्या डागाची चिठ्ठी मात्र एकच, एका मुलाचं नाक फुटलं होतं त्याची.

मी ताईला म्हटलं, "मागे समुद्र करतेस की काय?"

"हो," ती म्हणाली. "भरला की सांगते, पोहायला ये."

मी हसलो. तो विनोद मला इतका आवडला की मी दोन गिऱ्हाइकांना सांगितला.

ती दुकान उघडायच्या आधी अर्धा तास येत होती. घरचे कपडे, चादरी पिशवीत घालून आणायची, इथे धुवायची, वाळवायची, संध्याकाळी घडी घालून घरी न्यायची. भाऊजींना घरात कधी एक ठिपका दिसला नाही. मला दुकानात दिसला नाही. डाग काढण्यात ताईचा हात धरणारं कुणी नव्हतंच. नंतर तिने सांगितलं, तिला वाटायचं की चौदा नग असं सांगितलं तर डॉक्टरीणबाई म्हणतील, संपलं, पिशवी काढा. म्हणून तिने आकडाही धुतला. अख्ख्या गल्लीचं खोटं नाकाने ओळखणारी बाई, आणि मी तिचं खोटं रोज सुवाच्य अक्षरात उतरवून घेत होतो.

तेविसाव्या दिवशी दुपारी मला जळका वास आला. इस्त्री कापडावर थांबली की मलाही कळतं, एवढा मी याच धंद्यातला आहे. मागे गेलो तर कुणाच्या तरी शर्टाच्या पाठीवर इस्त्री झोपली होती आणि ताई हौदाशी जमिनीवर बसली होती. भिंतीसारखी पांढरी. हौदातलं पाणी लाल होतं.

"पुढे गिऱ्हाईक आलंय का बघ," ती म्हणाली.

हाताला लागली ती चादर मी तिच्याभोवती गुंडाळली. पांढरी, सुती, धुऊन इस्त्री झालेली, एका निवृत्त शिक्षिकाबाईंची. रिक्षात ती एकदाच बोलली. "दिवट्या, त्यांना खरं सांगू नकोस."

"काय खरं?"

"नग," ती म्हणाली, आणि तिची मान माझ्या खांद्यावर पडली.

हॉस्पिटलात पोचल्यावर मी डॉक्टरीणबाईंना खरं सांगितलं. पण खरं सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. माझ्याकडे वीस वेळा लिहिलेला चार होता. म्हणून मी मिठाच्या पिशव्या सांगितल्या. डॉक्टरीणबाई थांबून ऐकत होत्या. "चार पिशव्या," मी म्हटलं. "मोठ्या."

हिमोग्लोबिन साडेतीन निघालं. रक्ताच्या बाटल्या चढल्या, रक्तस्राव थांबवायची औषधं दिली, तरी तो थांबेना. डॉक्टरीणबाई भाऊजींना म्हणाल्या, "मी गाठी काढून बघते. तिला जे हवंय तेच आधी करते. पण आत गेल्यावर रक्त थांबलं नाही, तर पिशवी काढावी लागेल. नाहीतर बाई जाईल." भाऊजींनी सही केली. बसच्या फेरीच्या कागदावर करतात तशीच, लहान आणि सरळ. मग पेन परत द्यायचं विसरले. चार तास ते पेन हातात धरून बसले होते.

तीन गाठी निघाल्या. चौथीला रक्त थांबलं नाही.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. त्या माझ्या शेजारी बाकावर बसल्या आणि चिठ्ठीपुस्तक मागितलं. ते का कोण जाणे, माझ्या खिशात होतं. त्यांनी पानं उलटली.

"रोज चार," त्या म्हणाल्या. "शरीर इतकं नीटनेटकं नसतं हो. आधी कळलं असतं तर आधी रक्त दिलं असतं, औषध बदललं असतं, सावकाश गेलो असतो." मग पुस्तक मिटलं. "कदाचित. खात्री मी तेव्हाही दिली नसती."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुकान सताड उघडं टाकून आलो होतो, म्हणून रात्री मला परत पाठवलं. बॉयलर चालूच होता. हौद तसाच होता. मी हौदातलं पाणी सोडलं, लादी धुतली आणि हॉस्पिटलातून परत दिलेली ती चादर मशीनमध्ये टाकली आणि चाक फिरवलं. गरम पाण्याचं. बोलता यायच्या आधी मला जे शिकवलं होतं ते मी त्या दिवशी विसरलो. बाहेर काढली तेव्हा मधोमध तपकिरी डाग होता, बसच्या चाकाएवढा, कडा शिजून पक्क्या झालेला. मीठ लावलं, पेरॉक्साइड ओतलं, तो ढिम्म हलला नाही. मी ती घडी घालून वरच्या फळीवर ठेवली.

ताई दीड महिन्याने दुकानात आली. पायऱ्या तिन्ही न थांबता चढली. रक्त भरलं होतं, गालांवर रंग होता. सगळे म्हणायचे, किती छान दिसतेस. ती म्हणायची, "हो ना, वजन पण कमी झालंय." भाऊजी आता रोज तिला सोडायला येतात आणि ती आत जाईपर्यंत समोर उभे राहतात. भिंतीवरचा नकाशा मी काढणार होतो. ती म्हणाली, "असू दे. कुणाला तरी लागेल."

त्याच आठवड्यात शिक्षिकाबाई चादर न्यायला आल्या. मी म्हटलं, "हरवली. नवी देतो." ताईने माझ्याकडे बघितलं, मग वरच्या फळीकडे. स्टुलावर चढायला तिला मनाई आहे, म्हणून मलाच काढावी लागली.

ताईने चादर काउंटरवर उलगडली, उजेडात धरली. नाकाशी नेली नाही.

"गरम पाण्यात घातलीस?"

"हो."

"आई असती तर तुला पिळून वाळत घातला असता."

शिक्षिकाबाईंनी चष्मा वर केला. "मी तर चहाचा डाग दिला होता," त्या म्हणाल्या. "हा कशाचा?"

आमच्या दुकानात हा प्रश्न काउंटरच्या त्या बाजूने कधी आला नव्हता. ताईचे हात चादरीवर होते. मी तोंड उघडलं, टोमॅटो म्हणणार होतो की काय देव जाणे. तिने मला हातानेच थांबवलं.

"माझ्या रक्ताचा," ती म्हणाली. "पोटात गाठी होत्या. गर्भाशय वाचवायचं होतं. किती जातंय ते मी सांगितलं नाही. धूत राहिले. तुमच्या चादरीत गुंडाळून नेलं मला. काढलं मग ते."

एवढं सगळं ती शर्टाची बटणं मोजावी तशा आवाजात म्हणाली. शिक्षिकाबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. मग त्यांनी चादरीचं एक टोक उचललं आणि ताईने आपोआप दुसरं उचललं. दोघींनी मिळून ती झटकली आणि चौपदरी घडी घातली, डाग आत.

"नवीन नको मला," शिक्षिकाबाई म्हणाल्या. "ही तुम्ही ठेवा." आणि रिकामी पिशवी घेऊन गेल्या.

ताईने जुनी चिठ्ठी शोधून काढली. नग एक. 'चहा' हा शब्द तिने खोडला नाही, त्याच्या खाली लिहिलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही, कारण मी पहिल्यांदाच गप्प बसायचा प्रयत्न करत होतो आणि ते काम सोपं नाही. मग पेन शेऱ्यावर आलं. सवयीने तिने 'गेला' लिहिलं. ती त्या शब्दाकडे बघत राहिली. पुढे 'नाही' लिहायला तिला फार वेळ लागला.