नळीवरची रेघ

तिनं व्हाइसचा पोलादी जबडा आवळला, लांब पान्यावर दोन्ही हातांचा भार टाकला आणि रायफलीची नळी करकरत सैल झाली. चौकशीला आलेले साहेब खुर्ची ओढून जवळ बसले. महिन्यापूर्वी सरावाच्या मैदानावर याच रायफलीचा जाळ उलटा फिरला होता आणि एका शिपायाचे दोन्ही डोळे गेले होते.

नळी आट्यांवर फिरवत रिसीव्हरमध्ये, म्हणजे काडतूस पेलणाऱ्या पोलादी घरात बसवायची, हे काम दिसायला बाटलीला झाकण लावण्याइतकं सोपं. पण नळीवर एक रेघ असते, रिसीव्हरवर एक. शेवटचा पाना मारला की दोन्ही एका ओळीत यायलाच हव्यात. नाही आल्या तर आत फट राहते आणि जाळ मागे उसळतो; अशी नळी मुकाट्यानं भंगारात टाकायची. हे तिला बाबांनी शिकवलं होतं. ते इथेच, या रायफलींच्या कारखान्यात, तीस वर्षं फिटर होते. सूतभरही चूक नको, असं सांगून ते सगळ्यांचं डोकं खायचे, म्हणून अख्खं खातं त्यांना 'सूतभर' म्हणायचं. ती आली तेव्हा ती आपसूक सूतभरची पोरगी झाली.

तिनं नळी पुसली. लाकडाआड झाकल्या जाणाऱ्या भागावर बसवणाऱ्याचा ठसा होता. बाबांचा त्रिकोण. पुढे नळीवरची मूळ रेघ घासून पुसलेली आणि तिच्याशेजारी दुसरीच एक रेघ. नळी खुणेपर्यंत पोचलीच नव्हती. अडली तिथंच नवी रेघ ओढून काम पुरं दाखवलं होतं. तिनं हातातलं फडकं त्यावर टाकलं.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

"पोलाद हिणकस आहे, साहेब. बसवण्यात खोट नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं. तिनं खाली सही केली.

दुपारी ती जेवायला घरी आली, तर बाबा दारातच उभे.

"उघडलीस?"

"उघडली. पोलाद खराब होतं."

"ठसा माझाच होता ना?"

"होता. पण तुमचं नाव कुठं आलेलं नाही. विषय संपला, बाबा."

तिला वाटलं होतं, त्यांचा जीव भांड्यात पडेल. ते खुर्चीत बसले आणि आपल्याच थरथरत्या बोटांकडे बघत राहिले.

"रेघ बघितलीस?"

तिनं वळून माठातून तांब्या भरला.

"नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. हातात जोर राहिला नव्हता. पाना शेवटचा ओढवेना. दुसऱ्याला हाक मारायची लाज वाटली. जन्मभर सूतभर म्हणून मिरवलं ना."

तिला त्यांचा भयंकर राग आला आणि तितकीच कीव आली.

"झालं ते झालं. आता उकरून काढलंत तर तुमची अब्रू जाईल आणि माझी नोकरीही. खोट्यावर सही केलीय मी."

"ती एकच नव्हती, पोरी."

पाण्याचा तांब्या तिच्या हातातच राहिला.

"किती?"

"अजून तीन."

आणि त्यांनी तिन्ही रायफलींचे नंबर सांगितले. कुठंही न अडखळता, घोकून ठेवल्यासारखे. गेली किती वर्षं ते हे मनात घोकत होते, कोण जाणे.

साहेब तीन वाजता निघणार होते. तिनं घड्याळाकडे पाहिलं, तांब्या खाली ठेवला आणि पेन शोधून आणलं.

"परत सांगा," ती म्हणाली. "सावकाश."