उजवीकडचा डबा

“कवडूकाका, आधी घाबरू नका तुमी. खोलीत डबे हायेत न? ज्याचा निळा दिवा लुकलुकून राहिला, त्याचं वायर काढा. मनात दहा मोजा, मंग लावा.”

करिष्मा फोनवर शांतपणे बोलत होती, पण दुसऱ्या हाताने तिने माझा पदर मुठीत धरला होता. चौतीस वर्षांची मुलगी.

रविवार होता. तिच्या रुग्णालयात गर्दी कमी, म्हणून ती रुआबांध्याच्या घरूनच काम करत होती. नेमकं काय करतेस, असं मी एकदा तिला विचारलं होतं. “आपल्या भिलाईत सेक्टर हायेत न आई, तसंच. स्विच म्हनजे साऱ्या वायरी जोडाचा डबा, तो एकच, पन कॅमेऱ्याच्या वायरी एका नंबरात, लॅबच्या दुसऱ्या, बिलाच्या तिसऱ्या. याचं त्याले दिसत नाही.” त्या दिवशी मुख्य वायरीवर नवा नंबर चढवायचा होता. तो चढला, पण जुने सगळे पुसले गेले. ज्या नंबराने ती घरून आत शिरायची, तोही. आता चूक दुरुस्त करायलासुद्धा तिला आत जाता येईना.

“सेव्ह नाही केलं, हे बरं झालं,” ती पुटपुटली. “बंद करून चालू केलं की जुनं वापस येते.”

फोन वाजला. पहारेकरी कवडू. “काढून लावलं, बाई. पन आता त्याच्यावर लाल दिवा येऊन राहिला.”

करिष्माचा चेहरा उतरला. त्याने बाजूचा डबा बंद केला होता. रुग्णांच्या सगळ्या नोंदी त्यात होत्या.

ती रुग्णालयात जायला निघाली. तिला एकटीला सोडवेना, म्हणून मीही स्कूटरवर मागे बसले. हिचे बाबा आनंदराव रोलिंग मिलमध्ये होते. तेव्हा कारखान्यात काही बिघडलं की आवाज व्हायचा, माणसं धावायची, आम्ही बायका दारात यायचो. इथे कसलाच आवाज नव्हता. लॅबच्या खिडकीशी माणसं नुसती उभी होती. एक बाई कडेवरच्या लेकराचा ताप हाताने पाहत पुन्हा पुन्हा विचारत होती, “रिपोर्ट कब आही?”

करिष्मा फरशीवर बसली, स्विचला थेट वायर जोडली आणि एकेक नंबर परत चढवला. पाऊण तासाने रिपोर्ट निघू लागले. पण तो दुसरा डबा सुरू झाला, तेव्हा शनिवारच्या नोंदी त्यात नव्हत्या.

व्यवस्थापक अभिनव सर आले. “उस बुड्ढे को किसने बोला था हाथ लगाने? आज से छुट्टी उसकी.”

करिष्माला कोणी काही विचारलं नाही. तिचं कंत्राट पाच दिवसांनी नवं व्हायचं होतं, आणि आमच्या घरात तेवढी एकच नोकरी. मी तिचा हात दाबला. गप राहा, म्हणून. सांगायला लाज वाटते, पण दाबला.

तिने हात सोडवून घेतला.

“सर, मैंने बोला था. नीली बत्ती देखो, बोला. दोनों की नीली है, ये मैंने सोचा ही नहीं. और पहली गलती भी मेरी है.”

“सोच लो. लिखके देना पड़ेगा.”

तिने उभ्यानेच लिहून दिलं. कागद वाचून त्यांनी हात पुढे केला. तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं.

कवडू फाटकाशी स्टुलावर बसला होता. आम्हाला पाहून उठला. “साहेब मले काही बोलले नाहीत व बाई. मी तं घरी जाच्या तयारीनंच बसलो होतो.”

“नाही बोलनार आता.”

“उद्या आली का त्या डब्याले काही खूण करून दे. दोघाचेबी दिवे निळे. मंग मानूस चुकनारच न.”

करिष्माने पिशवीतून पांढऱ्या पट्टीचं रीळ काढलं. एक तुकडा फाडला, त्यावर पेनाने ठळक अक्षरात लिहिलं, ‘हा’. तो त्याच्या बोटावर चिकटवला.

“उजवीकडच्या डब्याले लावजा.”

“मी कायले? उद्या तूच लाव न.”

“तुमीच लावा, काका,” स्कूटर सुरू करत ती म्हणाली आणि मी मागे नीट बसले का, ते तिने वळून पाहिलं.