डावी बाही

घोडेगावात कुणालाही विचारा, कुंडलिकची बाही कधी चुकत नाही असंच सांगतील. खरं आहे ते. शिवणकामात बाही बसवणं सगळ्यात अवघड. गळा कुणीही कापतो, बाजूच्या टिपा तर शिकाऊ पोरंसुद्धा मारतात. मुंढ्यात, खांद्याच्या त्या गोलाईत, बाही सुरकुती न पडता बसली, तरच तो शिंपी. चाळीस वर्षांत मी हजारो बाह्या बसवल्या असतील. त्यातली एक बसवायला नको होती. तिच्याबद्दल मी लोकांना एक सांगत आलो आणि खरं वेगळंच होतं. ते आता सांगून टाकतो.

माझं मशीन दलीचंद शेठच्या कापडदुकानाच्या ओट्यावर. शेठचे आजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठचं बोलणं ऐकून कुणालाही वाटावं की याची सात पिढ्यांची बागायती इथंच आहे. आत कापड घ्यायचं आणि बाहेर माझ्याकडे शिवायला टाकायचं, अशी गिऱ्हाइकांची सोय. बाजाराच्या दिवशी तळेघर, आहुप्याकडची माणसं खाली यायची. त्यांना परतीची एसटी एकच, ती चुकली की डोंगर पायी चढायचा. म्हणून त्यांचं माप सकाळी घ्यायचं आणि दुपारी कपडा हातात द्यायचा. कोळशाची इस्त्री दिवसभर तापलेली असायची.

चौऱ्याऐंशी सालच्या अशाच एका बाजाराला माझी वृषाली मशीनखाली बसून चिंध्या गोळा करत होती. चार वर्षांची होती. तिला बाहुली नको, खाऊ नको, चिंध्या द्या. मी एका म्हाताऱ्याचा सदरा इस्त्री करत होतो. त्याची एसटी स्टँडवर लागली होती आणि तो माझ्या डोक्यावर उभा राहून "उरका राव, उरका" करत होता. घाईत मी इस्त्री फळीच्या कडेला, एका लाल चिंधीवर ठेवली आणि बटण लावायला वळलो. चिंधीचं टोक खाली लोंबत होतं. तिनं ते ओढलं.

डाव्या हातावर, कोपरापासून मनगटापर्यंत भाजलं. दोन महिने दवाखाना झाला. हात वाचला, बोटं नीट चालायला लागली, पण कातडी आकसली आणि तिच्यावर जाड तांबूस वळ उठले ते कायमचे. मला कुणी एका शब्दानं बोललं नाही. बोललं असतं तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून मी पोरीच्या एकाही कपड्याची बाही आखूड ठेवली नाही. झगा असो, परकर-पोलकं असो, शाळेचा ड्रेस असो, बाही मनगटापर्यंत. शाळेतल्या बाईंनी विचारलं तर मीच सांगायचो, तिला ऊन सोसत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपलं माझं म्हणणं.

पोरगी मात्र झाकून राहणाऱ्यातली नव्हती. आठवीत असताना तिनं शाळेच्या निळ्या ड्रेसच्या कॉलरला सात रंगांच्या चिंध्या लावल्या आणि शाळेनं तिला तशीच घरी पाठवली. मी हातातली पट्टी आपटली. ती म्हणाली, "आबा, समद्या पोरींचं कपडं सारखंच. मंग त्यातली मी कंची, ते आईला लांबून कसं कळंल?" माझी बायको अंजना तोंडाला पदर लावून हसली. मला हसू आलं नाही. शिंप्याच्या पोरीनं शिंप्याची अब्रू घालवली, एवढंच माझ्या डोक्यात.

बारावी झाल्यावर शेठची रिद्धी पुण्याला फॅशन डिझायनिंग शिकायला निघाली. तिला एकटीला पाठवायला तिची आई उगमबाई तयार नव्हती. तिनंच वृषालीचं नाव काढलं, आणि दोघी एकाच संस्थेत शिकायला, एका खोलीत राहायला लागल्या. मी पहिल्यांदा भेटायला गेलो तेव्हा त्या मला कॅम्पात घेऊन गेल्या. वृषालीनं धोतराच्या कापडाची घोळदार विजार शिवून घातली होती. वर गोणपाटाच्या रंगाचं लांब बाह्यांचं जाकीट, आणि पाठीवर माझ्याच दुकानातल्या चिंध्यांचं हे एवढं मोठं सूर्यफूल. पुण्यासारख्या नटव्या शहरात, जिथं कोण काय घालून हिंडतंय याची कुणाला पडलेली नाही, तिथंसुद्धा लोक वळून तिच्याकडं बघत होते. मी दहा पावलं मागून चालत होतो.

"आबा, मागं का राह्यलात?"

"चप्पल चावतीय."

चप्पल जुनीच होती. मला तिची लाज वाटत होती आणि आतून कुठंतरी छाती फुगतही होती. यातलं जास्त काय होतं, ते त्या दिवशी मलाही सांगता आलं नसतं. तिच्या जाकिटाच्या बाह्या लांब होत्या, हे मात्र मी बघून घेतलं.

नव्याण्णव सालच्या फेब्रुवारीत ती कापडाची पिशवी घेऊन घरी आली. त्यांच्या संस्थेचा मोठा फॅशन शो होता. प्रत्येकीनं आपला कपडा आपणच शिवायचा, आपणच घालून स्टेजवर यायचं आणि त्याबद्दल माइकवर दोन शब्द बोलायचे. तिनं पिशवीतून लालभडक रंगाचा पायघोळ झगा काढला. कापड दलीचंद शेठच्याच दुकानातलं. लहानपणापासून जमवलेल्या चिंध्या तिनं त्यावर लावल्या होत्या. शाळेच्या ड्रेसचा निळा होता, डोंगरातल्या बायांच्या लुगड्यांचे काठ होते, खणांचे तुकडे होते. उजवी बाही मनगटापर्यंत होती. डावी नव्हतीच. डावा मुंढा उघडा, आणि त्याच्या कडेनं चिंध्यांची बारीक झालर, बघणाऱ्याची नजर थेट हातावर जावी अशी.

"काजं तुमच्या हातची पायजेत, आबा," ती म्हणाली. "मशीनच्या काजाला ती मजा न्हाई. आन् खालची तुरपाई. बाकी कायबी करू नका."

"आन् हे?" मी मुंढ्यावर बोट ठेवलं.

"ते असंच ऱ्हाणारे."

ती माझ्याकडं बघत राहिली. मी पुढं काहीतरी विचारीन, अशी वाट बघत असावी. मी तोंडात दोरा धरला आणि सुईत ओवायला लागलो. शनिवारी मी स्वतः कपडा घेऊन पुण्याला यायचं, असं ठरवून ती दुसऱ्या दिवशी परत गेली.

सगळ्यांना मी पुढं हेच सांगितलं, की मला वाटलं पोरगी घाईत बाही विसरली. माझे गुरू सावळेराम मास्तर म्हणायचे, अपुरा कपडा दुकानाबाहेर जाऊ द्यायचा नाही, बघणारा शिंप्याला नावं ठेवतो. मी मास्तरांच्या आडोशाला लपलो. पण मला सगळं कळलं होतं. चारशे माणसांसमोर, दिव्यांच्या उजेडात तो हात उघडा जाणार होता. लोक तिचा हात बघणार होते, आणि मी तिथं बसून माझी इस्त्री बघणार होतो. ते मला सोसणार नव्हतं, बस्स.

बुधवारी मी शेठकडून त्याच ताग्यातलं कापड मागितलं.

"कशाला?" शेठनं विचारलं.

"वृषालीच्या झग्याची बाही ऱ्हायलीय."

शेठनं ताग्यावरचा हात काढला नाही. "कुंडलिकराव, तिनं माझ्यासमोर टेप लावून कापड घेतलं व्हतं. मी म्हणलं, बाई, एका बाहीचं कमी पडंल. तर म्हणली, एकच हाय. इसरंल ती?"

"पोरगीच हाय. इसरली," मी म्हणालो.

त्यानं कापड फाडून दिलं. दोन दिवस मी दुसरं काम हातात घेतलं नाही. ती झालर उसवली, मुंढा मोकळा केला आणि बाही हातानं बसवली, मशीन लावलं नाही. एक सुरकुती नाही. झालर मी मनगटाला लावली, म्हणजे तिच्या चिंध्याही वाया जायला नकोत. आयुष्यात एवढं बारीक काम मी केलं नव्हतं. अंजनानं ते बघितलं आणि आत गेली.

शनिवारी दुपारी मी आणि अंजना पुण्याला हॉलवर पोचलो. मी स्टेजमागच्या खोलीच्या दारात जाऊन पिशवी दिली. रिद्धी तिथंच होती. वृषालीनं झगा बाहेर काढला, झटकला आणि थांबली. बाहीवरून हळूच बोट फिरवत ते तिनं मुंढ्याच्या शिवणीपर्यंत नेलं.

"कधी केलं, आबा?"

"ह्याच आठवड्यात. ऱ्हायली व्हती ना."

मला वाटलं ती चिडेल. मी तिच्या रागाला तोंड द्यायची तयारी करून गेलो होतो, उत्तरं घोकली होती. ती म्हणाली, "टाका लई बारीक हाय. तुमी जावा, म्होरं बसा. जागा ऱ्हाणार न्हाई." मी पुढं जाऊन पहिल्या रांगेत बसलो.

पोरी एकेक करून आल्या. कुणी पेपरचा झगा केला होता, कुणी सीडीच्या चकत्या लावल्या होत्या. टाळ्या पडत होत्या. वृषाली आली, चालली, माइकसमोर उभी राहिली. झगा तिच्या अंगावर सुरेख बसला होता, दोन्ही बाह्या मनगटापर्यंत. "माझं नाव वृषाली. मी घोडेगावची," ती म्हणाली आणि खाली बघितलं. आम्ही वाट बघितली. ती आणखी काही बोलली नाही आणि आत निघून गेली. टाळ्या पडल्या, जेवढ्या सगळ्यांना पडतात तेवढ्या. मी मात्र हात दुखेपर्यंत वाजवल्या. गाडीत अंजनाला म्हणालो, बघ, कशी राणीसारखी दिसत होती.

अंजना खिडकीबाहेर बघत म्हणाली, "त्या बाहीत हात तिचा व्हता. लाज तुमची व्हती."

आत काय झालं ते मला दिवाळीत कळलं. रिद्धी सुट्टीला आली होती. ओट्यावर येऊन म्हणाली, "काका, मी कात्री घेऊन उभी होते. म्हटलं, दोन मिनिटांचं काम आहे, उसवून टाकते. तिनं माझा हात धरला. म्हणाली, नको, ते म्होरं बसलेत. त्यांच्यादेखत नको." मग म्हणाली, "आठवडाभर खोलीत फेऱ्या मारत एकच वाक्य पाठ करत होती. माझा हात असा आहे आणि मला तो आवडतो. एवढंच बोलणार होती, काका."

त्या दिवशी मी मशीनवर कपडा चढवला नाही. ज्या हाताकडं बघायची मला पंधरा वर्षं हिंमत झाली नाही, तो माझ्या पोरीला आवडत होता. मला सोडून तो कुणालाच खुपत नव्हता.

वृषालीनं कोर्स पुरा केला, पण त्यानंतर सूर्यफुलं नाहीत की झालरी नाहीत. दोनेक वर्षं पुण्यात एका दुकानात ब्लाऊज शिवले आणि परत आली. माझ्या शेजारी दुसरं मशीन टाकून बसायला लागली. साधे पंजाबी ड्रेस घालायची, पूर्ण बाहीचे. काम सफाईदार होतं. गिऱ्हाइकं म्हणायची, बापाचा हात आलाय पोरीत. मी दहादा ठरवलं की आज बोलायचं. दहादा मला मापाच्या वहीत काहीतरी काम निघालं.

दोन हजार तीन साली तिचं लग्न ठरलं, जुन्नरच्या सूरजशी. चांगला मुलगा. हाताचं तिनं त्याला पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तो म्हणाला होता, मग काय झालं? एवढी सोपी गोष्ट होती ती. त्या परक्या पोराला जमली.

हळदीच्या आठ दिवस आधी मी तिच्या शालूचा ब्लाऊज कापला. डावी बाही दंडापर्यंत, आणि तिच्याजोगती उजवीही. त्या बाह्यांच्या कडेला लावायला मी कोनाड्यातल्या डब्यातून तिच्या उरलेल्या चिंध्याही काढून ठेवल्या होत्या. निळा होता, लुगड्याचे काठ होते. चार वर्षं जे तोंडातून निघालं नव्हतं ते मी कात्रीनं बोललो होतो, असं मला वाटलं. कापलेले तुकडे मी तिच्यापुढं ठेवले.

तिनं बाहीचा तुकडा उचलून दंडाशी लावला. चिंध्यांकडं बघितलं. तिला समजलं. माझी पोरगी, तिला समजणार नाही असं काय होतं?

"आखूड कापली, आबा?"

"व्हय. तुला आवडती तशी."

तिनं तुकडा घडी करून परत माझ्या हातात दिला. रागानं नाही. आजाऱ्याला पाणी द्यावं तितक्या हळू दिला.

"कापड शिल्लक असंल शेठकडं," ती म्हणाली. "पुरी बाही करा. आता मलाच उघड्यावर बरं वाटत न्हाई."

मी शेठकडं गेलो. या वेळी त्यानं कशाला म्हणून विचारलं नाही.

मे महिना होता. मांडवावरचा पत्रा तापला होता आणि बाया पदरानं वारा घेत होत्या. वृषाली मनगटापर्यंतच्या बाह्यांत अंतरपाटाआड उभी होती, कपाळावर घाम. अक्षता पडल्या. उगमबाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "कुंडलिकराव, बाही काय बसवलीय हो! एक सुरकुती नाही."