बेण्याची पाच मुळं

न विचारता हात घालणं, ही दाल्माची खोड एटेलबाईंना लग्नाच्या दिवसापासून खुपत होती. सून शहरातली, तेवढं एक वेळ चालवून घेतलं असतं. पण ही बाई झाकण दिसलं की उघडणार, दोरी दिसली की सोडणार, आणि वर हसून म्हणणार, "आई, तुमचं काम हलकं केलं!"

मार्चमधल्या त्या रविवारी एटेलबाई चर्चमधून आल्या तेव्हा टेबलावर कोंबडीचं सूप वाफाळत होतं. पिवळंधमक, वर तेलाचे गोल तवंग, आत केसासारख्या शेवया. मुलगा बेनेडेक चमचा घेऊन बसलेलाच होता. एटेलबाईंनी एक घोट घेतला आणि चमचा खाली ठेवला. सूप चांगलं झालं होतं. तीच तर भानगड होती. तळघरातल्या वाळूत हिवाळ्यासाठी पुरलेली पार्सलीची गाजरासारखी मुळं फेब्रुवारीतल्या कार्निव्हलपासूनच लुळी पडली होती. हा गोड, मातीचा वास त्यांच्यात कुठला?

"मुळं कुठली घातलीस?"

"मागच्या वाफ्यातली, आई. पेंढ्याखाली पाच विसरून राहिली होती. काय जाड होती म्हणून सांगू!"

"विसरून?" एटेलबाई उठल्याच. "अगं, बेण्याची होती ती! शंभर उपटून त्यातली पाच निवडली मी. सरळ, पांढरी, एक फाटा नसलेली. उन्हाळ्यात तुरा आला असता, बी धरलं असतं. माझ्या आईच्या हातचं बेणं ते, आणि तू शेवयांबरोबर शिजवलंस!"

"मला काय ठाऊक? सगळ्यात चांगली मुळं कुणी जमिनीत ठेवतं का?"

"मग काय सगळ्यात किडकी ठेवायची? तुझ्या बापानं मात्र लग्नात किडकी तेवढी आमच्या गळ्यात मारलेली दिसतेय."

"आई, पार्सली ती पार्सली," बेनेडेक ताटातून मान वर न काढता म्हणाला.

"तू गीळ!"

ओट्यावर सालींचा ढीग होता. सोलण्यातही बाईचा हात सढळ. साली जाड, आणि मुळांचं पाल्याकडचं डोकं दोन-दोन बोटं उडवलेलं. एवढ्यात आणखी एक पातेलं सूप झालं असतं, असं पुटपुटत एटेलबाई बाहेर गेल्या आणि पाच रिकाम्या खड्ड्यांपाशी उभ्या राहिल्या.

गेल्या साली गारांनी सगळे तुरे झोडपले होते. खसखशीच्या जुन्या डब्यात चिमूटभर बी होतं, तेही तीन वर्षांचं. पार्सलीचं बी ताजं असतानाच रडत उगवतं, म्हाताऱ्या बियाचा काय भरवसा? तरी त्यांनी ते पेरलं. ओळ कुठे आहे ते कळावं म्हणून मधूनमधून लवकर उगवणाऱ्या लाल मुळ्याचं बी टाकलं. मुळा आला, लाल झाला, खाऊन संपला. पार्सलीचा पत्ता नाही. रोज सकाळी त्या गुडघे टेकून माती न्याहाळायच्या आणि शिव्या देत उठायच्या.

"आई, बाजारातून पाकीट आणू?" दाल्मानं एकदा विचारलं.

"आण की. सासूही पाकिटातलीच आण."

शेवटी मान खाली घालून त्या कुंपणापाशी गेल्या. पलीकडे शेजारची विल्मा कांदे खुरपत होती.

"तुझ्याकडे आमच्यातलं बी आहे का गं थोडं?"

विल्मा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "कुठून असणार? तीनदा मागितलं मी. 'आमचं बेणं कुंपणाबाहेर जात नाही' म्हणालीस. नाही गेलं बघ!"

एटेलबाई आल्या पावली परत फिरल्या. विल्माचं खरं होतं. त्याचाच राग त्यांना जास्त आला.

मे सरत आला. ओळीत शेवटी तण तेवढं उगवलं. एटेलबाई ते उपटत होत्या, तेवढ्यात दाल्मा मागं येऊन उभी राहिली. हातात टवका उडालेलं जुनं पातेलं, त्यात माती.

"आई, रागावू नका. त्या रविवारी डोकी फेकवेनात, म्हणून मातीत खोचली. तुम्ही हिवाळ्यात खिडकीत लावता ना, पाल्यासाठी, तशी. चार कुजली. ही एक जगली, पण हिच्यातून दांडा वर आलाय. पाला कडू होतो म्हणतात. खुडू का?"

हिरवा, बोटाएवढा जाड दांडा आणि टोकाला मिटलेली छत्री. तुराच तो. एटेलबाईंच्या हातातलं तण गळून पडलं. डोक्याबरोबर दोन बोटं मूळही उडवणारा तो उधळा हात नसता, तर खाली दांड्याला जोर द्यायला काही उरलंच नसतं.

त्यांनी दांड्याला हात लावला नाही, नुसतं बघितलं. मग कमरेला हात देत उठल्या.

"खुडलास तर हात तोडीन. अक्कल तुला नाही, हे मी लग्नाच्या दिवशीच बोलले होते आणि आजही बोलते. पण आज विचारलंस, तेवढं लिहून ठेवते. त्या खड्ड्यात लाव ते, मुळाला धक्का न लावता. बी तूच धरायचंस आता, माझे गुडघे संपले. आणि विल्माला चिमूटभर दे. मी दिलं म्हणून सांगितलंस तर बघ!"