तीनदा परत आलेला गोळा

मी एक लाकडी गोळा बोलतोय. निदान जन्मलो तेव्हा तरी गोळा होतो. आज नक्की कोण आहे ते विचारू नका. माझ्याबद्दल मोठमोठ्या लोकांचं मत इतक्यांदा बदललंय की माझं मलाच काही उमगत नाही.

एका म्हाताऱ्या कातार्‍याच्या लेथवर मी जन्मलो, पलंगाच्या पायातून उरलेल्या लाकडाचा. त्याची मुलगी समोरच्या शाळेत विज्ञान शिकवते. वर्गात दाखवायला तिला अणू हवा होता. भरीव, गोल आणि ज्याचे तुकडेच होत नाहीत असा. म्हाताऱ्याने दोन दिवस खपून मला कातलं, पॉलिश पेपरने घासलं, सगळीकडून मापलं. अतिशय लहान, कधीही न तुटणारा कण तो मीच, अशी माझी समजूत झाली. मुठीएवढा असून मी लहान कसा, हे तेवढं कळेना.

पंधरा दिवसांत मी परत आलो.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कातार्‍याच्या धंद्यात काम परत येणं म्हणजे नाक कापलं जाणं. पाय वाकडा असेल किंवा माप चुकलं असेल, तरच गिऱ्हाईक वस्तू परत आणतं. या म्हाताऱ्याकडे चाळीस वर्षांत एकही नग परत आला नव्हता आणि ही बढाई तो भेटेल त्याला ऐकवायचा.

तडा गेला का, असं त्याने विचारलं. मुलगी नाही म्हणाली.

"मग?"

"तो चुकीचा ठरला, बाबा."

तिने पुष्कळ समजावलं. अणूच्या आतही बारीक कण असतात, ऋण प्रभाराचे, असा पुढे शोध लागला म्हणे. कलिंगडात बिया असतात तसे ते अणूभर रुतलेले असावेत, असं तेव्हाच्या शास्त्रज्ञांना वाटलं. म्हाताऱ्याने मान डोलावली, माझ्या अंगावर अकरा खळगे पाडले आणि त्यांत लाल मणी बसवले. मला खाज सुटल्यासारखं झालं, पण म्हटलं, असेन बुवा मी कलिंगड.

महिन्याभराने पुन्हा परत! या खेपेला म्हाताऱ्याने काही विचारलंच नाही. ती आपणहून सांगत होती, की कुणीतरी सोन्याच्या पातळ पत्र्यावर सूक्ष्म कणांचा मारा केला. बहुतेक सगळे आरपार गेले, मोजके तेवढे उलटे फिरले. म्हणजे अणू जवळजवळ रिकामाच. सगळं वजन मधल्या इवल्याशा केंद्रात. तेव्हा मला मधोमध कापायचं, पोखरायचं, मधे टाचणीचं डोकं बसवायचं आणि त्याभोवती तारेच्या कड्यांत ते मणी ओवायचे. मी हादरलो. न तुटणारा होतो ना मी?

पोखरताना म्हाताऱ्याची पटाशी थरथरत होती. ती वर्षभर थरथरत होती, हे फक्त त्याला आणि लाकडाला माहीत. काम झालं, मुलगी मला घेऊन गेली. चार दिवसांनी एक कडी निसटली म्हणून मी तिसऱ्यांदा दारात हजर. त्याने कडी बसवून दिली, मुलगी वळताच लेथचा पट्टा उतरवून काम बंद केलं आणि शेजारच्या पॉलिशवाल्याला म्हणाला, "माझा हात गेला. पोरगी तोंडावर सांगत नाही, शास्त्रज्ञांच्या गोष्टी सांगते." पलंगाचे पाय कातून घ्यायला आलेलं गिऱ्हाईकही त्याने दुसरीकडे धाडलं.

पॉलिशवाल्याने हे तिच्या कानावर घातलं. दुसऱ्या दिवशी तिने बापाला हाताला धरून वर्गात नेलं आणि मागच्या बाकावर बसवलं. मग माझे दोन्ही अर्धे भाग मिटून मला पहिल्या बाकावर दिलं.

"याला मधोमध कापलंय. सांधा शोधा."

मी चाळीस हातांतून फिरलो. मुलांनी नखं घासली, उजेडात धरलं, अकरा खळगे मोजले. सांधा कुणालाच सापडला नाही. मागच्या बाकावर मी पोचलो तेव्हा म्हाताऱ्याने अंगठा फिरवला. त्यालाही सापडला नाही. त्याचे डोळे भरून आले आणि मला काय करावं ते कळेना.

मग तिने मला उघडून सगळी हकीकत सांगितली. चूक अणूबद्दलच्या समजुतीत होती, म्हणाली, गोळ्यात कधीच नव्हती.

एका मुलीने विचारलं, "मग हे शेवटचं तरी बरोबर ना, बाई?"

"नाही. कड्याही अशा नसतात. कड्यांतला तो ऋण कण नेमका कुठे आहे ते सांगताच येत नाही. ढगासारखं काहीतरी समजा, कड नसलेलं."

मागच्या बाकावरून म्हातारा उठला. आपल्याच मुलीला पहिल्यांदा 'बाई' म्हणाला.

"बाई, मग हे काम परत का आलं नाही अजून? उद्या पाठवून द्या. पट्टा चढवून ठेवतो."

तेव्हापासून मी त्याच्या बाकड्यावर आहे. पलंगाचं गिऱ्हाईकही परतलंय. पाय कातून झाले की म्हातारा मला हातात घेतो आणि कड नसलेली वस्तू लेथवर धरायची कशी, याचा विचार करत बसतो. पॉलिशवाला म्हणतो, नाद सोड. तो सोडत नाही. मी भरीव आहे, कलिंगड आहे, पोकळ आहे की ढग, मला ठाऊक नाही. तुम्हाला कळलं तर त्याला जरूर सांगा, पण जरा बेताने. माझ्यात आता लाकूड फारसं उरलेलं नाही.